हातात दोनच किलवर, तरी बोली ‘एक किलवर’ का?

जुलैतल्या एका शनिवारी डेक्कनवरच्या आमच्या क्लबात एक कॉलेजातली मुलगी आजोबांबरोबर ब्रिज बघायला आली. घरी मेंढीकोट आणि रमी खेळून पत्त्यांची गोडी लागलेली. बघणाऱ्याने एकाच खेळाडूची पानं बघायची असा शिरस्ता असतो, म्हणून ती माझ्या मागे खुर्ची ओढून बसली. तिसऱ्या की चौथ्या डावाला मला ही पानं आली:

इस्पिक: एक्का, राजा, 7
बदाम: एक्का, राणी, गुलाम, 8, 6
चौकट: राजा, राणी, 4
किलवर: 5, 2

मी बिडिंग बॉक्समधून, म्हणजे बोलीच्या कार्डांच्या पेटीतून, ‘1 किलवर’चं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. समोरून माझ्या भिडूने निळं अलर्ट कार्ड दाखवलं आणि बोली पुढे सरकली.

सेशन संपल्यावर बाहेर चहा घेताना ती म्हणाली, “काका, तुमच्याकडे बदामाची पाच पानं होती, तीही एक्का-राणी-गुलाम. किलवरची नुसती दुर्री आणि पंजी. मग तुम्ही किलवर कसं म्हणालात? भिडूला चुकीचं सांगितलंत की समोरच्यांना फसवलंत?”

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी विचारतं. 2018 च्या एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजचं सुवर्णपदक आणलं, मग 2023 मध्ये हांगझोऊला भारताच्या पुरुष संघाने रौप्य मिळवलं. त्यानंतर हा खेळ शिकू पाहणाऱ्यांच्या चौकशा वाढल्या आहेत. इंटरनेटवर मोठ्या मॅच बघताना पहिल्याच मिनिटाला ही ‘एक किलवर’ आडवी येते. चहा संपेपर्यंत मला तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितो.

पस्तीस शब्दांची भाषा

ब्रिजमध्ये चार जण, प्रत्येकाला 13 पानं, समोरासमोर बसलेले दोघं भिडू. पानं खेळण्याआधी बोली होते. हुकूम कुठला आणि आपण किती ट्रिक, म्हणजे हात, करू, याचा लिलावच म्हणा. ‘एक’ म्हणजे सहावर एक, सात ट्रिक. ‘चार बदाम’ म्हणजे बदाम हुकूम आणि दहा ट्रिक. रंगांची चढती भाजणी ठरलेली आहे: किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सगळ्यांच्या वर नो ट्रम्प, म्हणजे हुकमाशिवाय. सात पातळ्या गुणिले पाच, अशा 35 बोल्या. शिवाय पास, डबल (‘तुम्हाला हे जमणार नाही’) आणि त्याला उलट आव्हान देणारं रीडबल. पुढची बोली मागच्या बोलीच्या वरचीच हवी. पर्वतीच्या पायऱ्या चढायच्या, पण उतरायची मुभा नाही, असा प्रकार.

या लिलावाला दुसरं अंगही आहे. भिडूची पानं आपल्याला दिसत नाहीत आणि त्याच्याशी बोलायला दुसरं कुठलंही साधन नाही. चेहरा, आवाज, थांबणं, खाकरणं, सगळं वर्ज्य. जे सांगायचं ते या 35 बोल्यांतूनच. आणि 52 पानांतून 13 पानांचे संच किती निघतात? 63,501 कोटी 35 लाख 59 हजार 600. इतक्या तऱ्हेची पानं आणि शब्द पस्तीस! कुठला शब्द कशासाठी खर्च करायचा, याच्या दोन भिडूंनी आधी केलेल्या कराराला बोलीची पद्धत म्हणतात, सिस्टिम.

आणखी एकच परिभाषा लागेल: पॉइंट. एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1. गड्डीत एकूण 40, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 10. दोघांचे मिळून साधारण 25 झाले की ‘गेम’ची, म्हणजे तीन नो ट्रम्प किंवा चार बदामसारखी, बोली परवडते आणि तिला मोठं बक्षीस असतं. 33 च्या आसपास गेले की बारा किंवा तेरा ट्रिकचा स्लॅम दिसू लागतो. हुकूम चांगला जुळला तर त्याहून कमीतही होतो.

नेहमीच्या पद्धतीत अडतं कुठे

बहुतेक जण शिकतात ती पद्धत सरळ आहे. बदामाची पाच पानं आणि 12 किंवा जास्त पॉइंट असले की ‘एक बदाम’ म्हणा. जे आहे ते बोला. अडचण अशी की 12 पॉइंटवालाही ‘एक बदाम’ म्हणतो आणि 20 वालाही. फारच अफाट पानं, म्हणजे 22 च्या वर असतील, तरच वेगळी बोली.

आता भिडूच्या जागी बसा. तुमच्याकडे 7 पॉइंट, बदामाची दोनच पानं. समोर 12 असतील तर एकूण 19, पास करून मोकळं व्हावं. समोर 20 असतील तर 27, गेम हातची जाईल. म्हणून मनात नसतानाही ‘एक नो ट्रम्प’ म्हणावं लागतं, आणि 12 वाला दोनच्या पातळीवर भलत्याच हुकमात जाऊन अडकतो. चूक कुणाचीच नाही. ‘एक बदाम’ या शब्दात फार मोठा पल्ला कोंबलेला आहे, एवढंच.

चाळणी

यावरचा तोडगा कल्पनेने अगदी साधा आहे. चांगली, भारी पानं सुरुवातीलाच बाजूला काढायची. 16 किंवा जास्त पॉइंट असतील, तर रंग कुठलाही असो, बोली एकच: ‘एक किलवर’. बाकी सगळ्या ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या बोल्या, 11 ते 15 च्या. स्ट्राँग क्लब पद्धत म्हणतात ती ही.

गहू चाळताना मोठा दाणा वर राहतो आणि खाली पडतो तो साधारण एका मापाचा. लोकांचं लक्ष वर राहिलेल्या दाण्याकडे जातं, कारण ‘एक किलवर’ चमत्कारिक दिसते. मला मात्र खाली पडलेलं जास्त मोलाचं वाटतं. ते का, ते पुढे येईलच.

कल्पना नवी अजिबात नाही. आज आपण खेळतो त्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थाने 1925 साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर पक्की केली आणि 1929 साली भारी ‘एक किलवर’वर आधारलेली पद्धतही त्यानेच मांडली. म्हणजे ही पद्धत जवळपास खेळाच्याच वयाची. तेव्हा ती फारशी रुजली नाही, कारण लोकांना ‘जे आहे ते बोला’ सोपं वाटलं. मग 1957 ते 1969 या काळात इटलीच्या ब्लू टीमने जगज्जेतेपदाचा बर्म्युडा बोल दहा वेळा जिंकला. त्यातल्या बेनितो गारोझो, पिएत्रो फोर्के यांच्यासारख्या खेळाडूंचं हत्यार हीच भारी किलवर होती. 1969 मध्ये तर तैवानचा संघ थेट अंतिम सामन्यात पोचला आणि बघणारे थक्क झाले. तो संघ खेळत होता ‘प्रिसिजन’, सी. सी. वेई या मूळ चिनी, अमेरिकेत जहाजांचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने बांधलेली पद्धत. आपल्याकडे आज भारी किलवर खेळणारी जोडी भेटली तर ती बहुधा प्रिसिजनचंच कुठलं तरी रूप खेळत असते.

पण ही फसवणूक नाही का?

नाही. ज्यांनी तारा पाठवल्या आहेत त्यांना आठवेल, लग्नाच्या शुभेच्छांसाठी अख्खं वाक्य लिहावं लागत नसे. तार ऑफिसात ठराविक वाक्यांना आकडे दिलेले होते. आपण आकडा लिहायचा आणि पलीकडे ‘नवदांपत्यास शुभाशीर्वाद’ अशा थाटाचं पूर्ण वाक्य उमटायचं. 2013 मध्ये तार बंद झाली तोवर ही सोय होती. आकडा लिहिणारा कुणाला फसवत नसे, कारण यादी भिंतीवर सगळ्यांसमोर टांगलेली असायची.

ब्रिजचा नियमही तसाच आहे. भिडूंमध्ये गुप्त करार चालत नाहीत. बोली तिच्या नावाच्या रंगाची नसेल तर अलर्ट दाखवायचा. प्रतिस्पर्ध्याने विचारलं की अर्थ पूर्ण सांगायचा, आणि कन्व्हेन्शन कार्डावर सगळं लिहून टेबलावर ठेवायचं. जागतिक ब्रिज महासंघाने पद्धतींची रंगांनुसार वर्गवारी केली आहे. त्यात नेहमीच्या नैसर्गिक पद्धती हिरव्या, आणि ज्यात ‘एक किलवर’ किंवा ‘एक चौकट’ कायम भारीच असते त्या निळ्या. म्हणजे कन्व्हेन्शन कार्डावरचा निळा रंग बघूनच समोरची जोडी तयारी करते. त्या शनिवारी मी ‘एक किलवर’ म्हटल्यावर टेबलावरच्या तिघांनाही सारखीच माहिती मिळाली: 16 किंवा जास्त, रंग अजून कळायचाय.

किलवरच का? आणि लघु-गुरूचा इथे काय संबंध?

कारण ती सर्वांत खालची पायरी आहे. भारी पानं असली की दोघांना पुष्कळ बोलायचं असतं, म्हणून त्यांच्यासाठी जास्तीत जास्त जागा राखायची.

जागा किती वाढते, ते मोजून बघण्यासारखं आहे. समजा ‘तीन नो ट्रम्प’च्या पलीकडे न जाता सगळं सांगून व्हायला हवं. ‘एक किलवर’च्या वर तिथपर्यंत 14 पायऱ्या आहेत. नेहमीच्या पद्धतीत अफाट पानांसाठी ‘दोन किलवर’ वापरतात, तिच्या वर तिथपर्यंत 9. फरक पाच पायऱ्यांचा. वाटतं, दीडपट जागा मिळाली असेल. प्रत्यक्षात हिशेब निराळा निघतो.

धरून चला की दोघांपैकी एक जण फक्त विचारतो आणि दुसरा सांगतो. विचारणारा दर वेळी लगेच वरची पायरी घेतो, अर्थ एवढाच: ‘पुढे सांग’. याला रिले म्हणतात. सांगणाऱ्यापुढे एकच पायरी असेल तर तो एकच गोष्ट सांगू शकतो. दोन असतील तर दोन. तीन असतील तर? पहिली पायरी घेतली, दुसरी विचारण्यात गेली, तिसरी उरली: एक निरोप. थेट दुसरी घेतली, तिसरी विचारण्यात गेली: दुसरा निरोप. थेट तिसरी: तिसरा. एकूण तीन. चार पायऱ्या असतील तर याच रीतीने पाच. पाच असतील तर आठ. कागदावर करून बघा.

1, 2, 3, 5, 8 हे आकडे ओळखीचे वाटतात ना? शाळेत वृत्त शिकताना लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन असं शिकलो. तीन मात्रा किती तऱ्हांनी भरता येतात? लघु-लघु-लघु, लघु-गुरू, गुरू-लघु: तीन. चार मात्रा? पाच तऱ्हा. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी, आणि त्यांच्याही आधी विरहांकाने, छंदशास्त्रात हीच मोजणी मांडली होती. युरोपात पुढे तिला फिबोनाचीचं नाव मिळालं. बोलीच्या पायऱ्या आणि मात्रावृत्त यांचं गणित अक्षरशः एकच आहे. हे मला पहिल्यांदा उमगलं त्या रात्री मी बराच वेळ वही घेऊन बसलो होतो.

त्या मोजणीप्रमाणे 9 पायऱ्यांत 55 वेगवेगळे निरोप बसतात, आणि 14 पायऱ्यांत 610. खालच्या पाच पायऱ्या वाचवल्या तर बोलण्याची ताकद अकरा पट होते. प्रत्यक्षात कुणी इतकं चोख बसवत नाही, कारण कुठे तरी थांबायचंही असतं आणि समोरचे गप्प बसत नाहीत. पण खालची पायरी इतकी मोलाची का, हे यातून कळतं. ती किलवरच्या साध्या पानांवर खर्च करावी की भारी पानांसाठी राखावी, हा सगळ्या पद्धतींमधला मूळ वाद आहे.

त्या शनिवारचा डाव

माझ्या ‘एक किलवर’वर भिडूने काय करायचं? प्रिसिजनचा करार असा: 7 पर्यंत पॉइंट असतील तर, पानं कशीही असोत, ‘एक चौकट’ म्हणायचं, म्हणजे ‘माझ्याकडे फारसं नाही’. 8 किंवा जास्त असतील तर आपला पाच पानांचा रंग सांगायचा. भिडूची पानं होती:

इस्पिक: 8, 6, 2
बदाम: राजा, 9, 5
चौकट: एक्का, गुलाम, 7, 6, 3
किलवर: एक्का, 4

तो ‘दोन चौकट’ म्हणाला. त्या एका शब्दाने मला कळलं: चौकटीची किमान पाच पानं आणि किमान 8 पॉइंट. माझे 16 च धरले तरी दोघांचे मिळून 24 झालेच. आता गेमच्या आधी कुणीही थांबणार नाही, हे दोघांनाही माहीत. त्यामुळे मला उड्या मारून ताकद दाखवायची गरज उरली नाही. मी शांतपणे ‘दोन बदाम’ म्हणालो: पाच बदाम आहेत. तो ‘तीन बदाम’: तीन पानांची साथ आहे, हुकूम ठरला. मी ‘चार नो ट्रम्प’ने एक्के विचारले, त्यात हुकमाचा राजाही एक्क्यासारखा धरतात. उत्तर आलं: तीन. म्हणजे माझ्याकडे नसलेले दोन्ही एक्के आणि बदामाचा राजा.

आता मोजा. बदामाच्या पाच ट्रिक, इस्पिकचे एक्का-राजा दोन, किलवरचा एक्का एक. चौकटीत माझे राजा-राणी, त्याचा एक्का, आणि पाच पानं आहेत हे त्याने पहिल्याच बोलीत सांगितलेलं, म्हणून पाच. एकूण तेरा. मी ‘सात बदाम’ म्हणालो. चार बदामवर थांबून तेरा ट्रिक केल्या असत्या तर 510 गुण मिळाले असते. सात बदाम बोलून केल्या, म्हणून 1510.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या पानांवर नेहमीच्या पद्धतीची चांगली जोडीही स्लॅमला पोचते. पण बोलीत कुठेही अंदाज करावा लागला नाही, घाई झाली नाही, हा फरक मला मोठा वाटतो.

खरी कमाई उरलेल्या पानांत

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. 16 किंवा जास्त पॉइंट येण्याची शक्यता जेमतेम 10 टक्के. चोवीस डावांच्या सेशनमध्ये तुमच्या वाट्याला दोन-तीनदा. 11 ते 15 पॉइंट मात्र 34 टक्के वेळा येतात, साडेतीन पट जास्त. म्हणजे पद्धतीचा फायदा-तोटा बहुतांशी या साध्या पानांवर ठरतो.

आणि इथे भारी किलवर गप्प राहून काम करते. भिडू ‘एक इस्पिक’ म्हणाला, म्हणजे तो ‘एक किलवर’ म्हणाला *नाही*. त्याच्याकडे 15 च्या वर नाहीत, हे त्याने न बोलता सांगितलं. मघाचे 7 पॉइंटवाले तुम्ही आता निवांत पास करता: 15 अधिक 7, बावीस, गेम नाही.

याहून मजेची गोष्ट पुढे आहे. भिडूच्या ‘एक इस्पिक’वर मी थेट ‘चार इस्पिक’ म्हणतो. माझ्याकडे कदाचित असं असेल:

इस्पिक राजा, 10, 8, 5, 3, बदाम 4, चौकट राणी, 9, 7, 6, 2, किलवर 8, 3

पाच पॉइंट. बोली केवळ समोरच्यांची वाट अडवायला. किंवा असं असेल:

इस्पिक राजा, गुलाम, 7, 4. बदाम एक्का, 6. चौकट राजा, गुलाम, 5, 3. किलवर 9, 7, 2

बारा पॉइंट, गेम खरोखर होणारी. दोन्हींवर बोली तीच. भिडूला कशाचाही धोका नाही, कारण त्याच्याकडे जास्तीत जास्त 15, स्लॅम बहुधा नाहीच, तो पास करणार. पण मध्ये बसलेल्या प्रतिस्पर्ध्याची पंचाईत होते. डबल करावं तर समोर बारा पॉइंट निघतात, गप्प बसावं तर स्वतःची गेम जाते. नेहमीच्या पद्धतीत बारा पॉइंटवर असं उडी मारून थांबता येत नाही, भिडूकडे 19 असू शकतात म्हणून. इतकी वर्षं खेळून माझी खात्री झाली आहे की आम्हाला चांगले गुण मिळतात ते अशा डावांवर. ‘एक किलवर’च्या दिमाखदार डावांवर त्यामानाने थोडे.

मग खर्च कुठे येतो?

चाळणीचं भोक केवढं ठेवायचं, इथून सुरुवात. 15 पासून भारी धरलं तर ‘एक किलवर’ 14 टक्के वेळा येते, 17 पासून धरलं तर साडेसहा टक्के. भोक लहान केलं की साध्या बोल्या आणखी नेमक्या होतात, पण किलवरची टोपली भरून वाहते. मोठं केलं तर उलटं. गारोझोची ब्लू क्लब पद्धत 17 ची, वेईची प्रिसिजन 16 ची.

दुसरी निवड पहिल्या उत्तराची. प्रिसिजनमध्ये भिडू आधी रंग सांगतो. ब्लू क्लबमध्ये तो आधी एक्के-राजे मोजून सांगतो, एक्क्याचे दोन आणि राजाचा एक. माझं मत स्पष्ट आहे: आधी रंग. समोरच्यांनी मध्येच बोली वर ढकलली तर हुकूम कुठला हे माहीत असणं एक्क्यांच्या संख्येपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

सर्वांत दुखरी जागा म्हणजे ‘एक चौकट’. किलवर हा शब्द भारी पानांना देऊन टाकला, तर 11 ते 15 पॉइंट आणि किलवरची पानं असलेल्याने काय म्हणायचं? सहा किलवर असतील तर ‘दोन किलवर’. ही बोली एकदम दोनच्या पातळीवर जाते आणि मधे भिडूचे चार बदाम किंवा चार इस्पिक हरवतात. उरलेलं सगळं, ज्याला कुठे जागा नाही, ते ‘एक चौकट’मध्ये जातं. घरातल्या त्या एका ड्रॉवरसारखं, ज्यात सेल, सुतळी आणि जुन्या किल्ल्या एकत्र असतात. आजकाल बऱ्याच जोड्यांच्या ‘एक चौकट’मध्ये चौकटीची दोनच पानं असू शकतात, त्यामुळे भिडूला चौकटीची साथ द्यायला भीती वाटते.

वेईने हा ड्रॉवर स्वच्छ ठेवायला ‘दोन चौकट’ ही अख्खी बोली एका विशिष्ट घडणीला दिली: चार इस्पिक, चार बदाम, चौकट एखादंच पान किंवा तेही नाही, बाकी किलवर. अशी 11 ते 15 ची पानं हजारात तीनेक वेळा येतात. आठवड्याला एक सेशन खेळणाऱ्याला तीन-साडेतीन महिन्यांतून एकदा. एवढ्यासाठी एक शब्द कायमचा गुंतवायचा का, यावर आमच्या क्लबात कडाक्याचे वाद झाले आहेत. मी तो गुंतवतो, पण तीन बदाम किंवा तीन इस्पिक असलेली घडणही त्यात घेतो, म्हणजे बोली जरा वरचेवर वापरात येते.

समोरचे मध्येच घुसले तर?

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. ‘एक बदाम’ म्हणणाऱ्याने निदान एक रंग तरी सांगितलेला असतो. ‘एक किलवर’ म्हणणाऱ्याने रंगाबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. हे हुशार प्रतिस्पर्धी ओळखून असतात. हातात पाच-सहा पॉइंट आणि लांब इस्पिक, म्हणजे त्या रंगाची पुष्कळ पानं, असली की ते ‘दोन इस्पिक’, ‘तीन इस्पिक’ अशी उडी मारतात. जपून ठेवलेल्या चौदा पायऱ्या एका झटक्यात जातात. काही जण लांब रंग नसतानाही ‘डबल म्हणजे बदाम आणि इस्पिक, एक नो ट्रम्प म्हणजे किलवर आणि चौकट’ असे करार करून मध्ये येतात.

आम्हाला हा धडा महागात पडला. मी ‘एक किलवर’, डावीकडून ‘तीन इस्पिक’, भिडूचं डबल. त्याचा अर्थ होता ‘माझ्याकडे पॉइंट आहेत, तुझा रंग सांग’. मी समजलो ‘यांना इथेच पाडू’ आणि पास केलं. त्यांनी नऊ ट्रिक केल्या, आम्हाला उणे 530. आमच्या हातात चार बदाम सहज होते. दोघंही चांगले खेळलो होतो, पण त्या जागेचा करारच केलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो केला. समोरच्यांनी दोन इस्पिकपर्यंत बोली केली तर पास म्हणजे 0 ते 4, डबल म्हणजे 5 ते 7, आणि रंग सांगितला तर 8 किंवा जास्त व पाच पानं. त्याहून वर उडी मारली तर डबल म्हणजे 8 च्या पुढे, ठोस रंग नाही, आणि ‘एक किलवर’वाल्याने लांब रंग असेल तर तो सांगायचाच. नुकसान पूर्ण भरून निघत नाही, पण निदान दोघं एकाच पानावर वाचत असतो. पद्धत बांधणाऱ्यांनी आधी हा भाग लिहावा आणि मगच रिलेच्या सुंदर साखळ्या गुंफाव्यात, असं मी आता आग्रहाने सांगतो. बहुतेक जण उलट करतात.

जगज्जेते हीच खेळतात का?

काही खेळतात, काही नाही. अमेरिकेच्या जेफ मेकस्ट्रॉथ आणि एरिक रॉडवेल यांनी प्रिसिजनमधूनच स्वतःची अतिशय तपशीलवार पद्धत घडवली आणि जगज्जेतेपदं जिंकली. नैसर्गिक पद्धतीने जिंकलेलेही तितकेच मोठे आहेत. पोलंडमध्ये तर तिसराच मार्ग लोकप्रिय आहे. तिथली ‘एक किलवर’ कधी साधी 12 ते 14 ची समतोल (चारही रंगांत साधारण सारखी वाटलेली) पानं, तर कधी 18 च्या वरची भारी पानं दाखवते. त्यामुळे पद्धत बदलली की जिंकू लागू, असं कुणाला सांगू नये. एक बरी पद्धत दोघांना घट्ट पाठ असणं हे उत्तम पण अर्धवट आठवणाऱ्या पद्धतीपेक्षा कधीही चांगलं.

पाठांतर किती?

पुष्कळ, पण सुरुवातीला नाही. मूळ प्रिसिजन एका फुलस्केप पानावर मावते: ‘एक किलवर’ 16 किंवा जास्त, उत्तर ‘एक चौकट’ म्हणजे 7 पर्यंत, बाकी सगळं 11 ते 15. एवढ्यावर महिनाभर खेळता येतं. रिले, एक्के-राजांचे खास प्रश्न, भारी पानं लपून राहावीत म्हणून केलेल्या उलटसुलट बोल्या, हे सगळं नंतर, आणि गरज भासली तरच.

ती मुलगी पुढच्या शनिवारी एका मैत्रिणीला घेऊन आली. दोघींना मी हाच सराव दिला: गड्डी पिसा, फक्त दोघींना तेरा-तेरा पानं वाटा, कुणाकडे 16 किंवा जास्त असतील तरच बोली करा, नसतील तर पुन्हा पिसा. संध्याकाळी तासाभरात दहा-बारा डाव होतात. झालेली बोली वहीत लिहा, खाली दोघींची पानं लिहा, आणि कुठली माहिती उशिरा कळली त्या जागी खूण करा. उरलेली 26 पानं पहिल्या आठवड्यात बाजूला पालथी ठेवा. दुसऱ्या आठवड्यात आजोबांना बोलवा, ती 26 पानं त्यांच्यापुढे ठेवा आणि सांगा, इस्पिकची सहा पानं कुठे एकत्र दिसली की बिनधास्त ‘दोन इस्पिक’ म्हणा.